खुलासा : प्लग बसला म्हणजे रिसीव्हर जुळला असे नाही

‘एसबस असो वा सॅटेलाइट, रिसीव्हर फ्लाइट कंट्रोलरच्या कोणत्याही पोर्टला जोडा, चालतो’ असा संदेश मुंबईतील आरसी (रिमोटवर चालणारी) हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांमध्ये सध्या फिरत आहे. तो चुकीचा आणि नुकसानकारक आहे. रिसीव्हर म्हणजे ट्रान्समीटरचा, म्हणजे हातातल्या रिमोटचा, सिग्नल पकडणारा भाग आणि फ्लाइट कंट्रोलर म्हणजे हेलिकॉप्टरचे नियंत्रण करणारा बोर्ड. एसबस ही रिसीव्हरकडून बोर्डाकडे सिग्नल नेण्याची पद्धत आहे, तर सॅटेलाइट हा छोटा रिसीव्हर असतो.

स्पेक्ट्रम कंपनीचे बहुतेक जुने सॅटेलाइट ३.३ व्होल्टवर चालतात, तर सर्वोंना (पाती वळवणाऱ्या छोट्या मोटरांना) वीज पुरवणारा बीईसी हा भाग अनेकदा ६ ते ८.४ व्होल्ट देतो, त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेली वायर नेमकी बसली तरी रिसीव्हर जळू शकतो. एसबसचा प्रश्न निराळा आहे. त्यात एकाच तारेवरून १६ चॅनल जातात, मात्र त्याचा सिग्नल उलटा (हायच्या जागी लो) असतो. तो सुलटा करण्याची सोय फ्लाइट कंट्रोलरवरील एफ७ प्रकारच्या प्रोसेसरमध्ये असते आणि म्हणून तिथे योग्य सेटिंग केल्यास कोणताही मोकळा आरएक्स पॅड (सिग्नल घेणारी जोडणीची जागा) चालतो. हा संदेश बहुधा अशाच अनुभवातून निघाला असावा. एफ४ प्रोसेसरमध्ये मात्र ती सोय नसल्याने बोर्डावर सिग्नल सुलटा करणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो व तार ‘एसबस’ लिहिलेल्या पॅडलाच जोडावी लागते.

जोडणीनंतर मोटरच्या तारा काढूनच ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर थांबवणारी सुरक्षा सोय) तपासावा, अशी कळकळीची विनंती आहे, कारण हेलिकॉप्टरच्या पात्यांनी बोटे तुटू शकतात.