चढणाऱ्याला आधी जाऊ द्या रे बाबांनो!

दर रविवारी तेच. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढायला घेतला की वरून येणारा कोणीतरी पांढरी एसयूव्हीवाला बरोब्बर वळणावरच तोंडासमोर येऊन डिपर मारत बसतो, म्हणजे मीच मागे घ्यायची! अरे, अरुंद चढावर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये लिहिलेला नियम आहे, माझ्या घरचा नाही. काल माझी जुनी अल्टो, मागे आई आणि मावशी, पहिल्या गिअरमध्ये कशीबशी ओढत नेलेली, हँडब्रेक ओढून परत उचलायची म्हणजे क्लच जळका वास मारतो आणि आई मागून मोठ्याने देवीचं नाव घ्यायला लागते. तो पठ्ठ्या मात्र काच खाली करून विचारतो, "दादा, गाडी येते ना चालवता?"

वर काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरतात. गिअर काढला की इंजिन गाडीला रोखून धरत नाही, सगळा भार ब्रेकच्या पॅडवर, ते तापले की पाय दाबून उपयोग नाही, पण सांगणार कोणाला. आणि हो, माकडांना वेफर्स द्यायला भर वळणावर गाडी लावणारे, तुम्हाला तर खाली नांदुरीलाच उतरवून चालत पाठवलं पाहिजे.