सपाट म्हणे!

‘हॉलंडचं सपाट आणि गार गणित पुण्याला लावू नकोस,’ असं दादाने चुलतभावंडांच्या ग्रुपवर लिहिलं. विषय लक्ष्मी रोडचा. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून तिथे गाड्या बंद ठेवतात. मी एवढंच विचारलं होतं, वर्षातून एकच दिवस का?

सपाट म्हणे! मी हॉलंडात राहतो त्या नाइमेखनला वाल नदीच्या काठावरून ग्रोटेस्ट्राट नावाच्या चढाच्या रस्त्याने बाजारचौकात सायकल चढवून दाखवा, मग बोलू. आणि गार म्हणजे आडवा पाऊस आणि तोंडावर वारा. त्यापेक्षा पुण्याची जानेवारी सायकलला कितीतरी बरी.

मग दुकानदारांचा मुद्दा आला. गिऱ्हाईक गाडीवरून येतं, गाडी बंद तर धंदा बंद. ग्रोनिंगन या डच शहरातल्या व्यापाऱ्यांनी १९७७ साली हीच ओरड केली होती. तिथे गावाच्या मध्याचे चार भाग पाडले. मोटारीने एका भागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या रस्त्याला लागून वळसा घ्या. सायकल मात्र सरळ. डच माणूस काही पुण्य लागतं म्हणून सायकल मारत नाही, मोटारीने जायचा वैताग येतो म्हणून मारतो. हा वैताग द्यायची पुण्यात कोणाची तयारी नाही. गाड्यांची वीतभर जागा न घेता सायकल ट्रॅक हवा. मग तो फुटपाथवर चढतो, पेव्हर ब्लॉकवरून खडखडत विजेच्या डीपीला वळसा घालतो आणि कोणाच्या तरी ॲक्टिव्हापाशी संपतो. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडासुद्धा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, तर लोक चालायला आलेच ना? ‘तिथलं वेगळं,’ दादा म्हणतो. प्रत्येक ठिकाणचं वेगळंच असतं.

इथे नाइमेखनला रेल्वेच्या पुलाला कडेने सायकलपूल जोडलाय, २००४ साली. नदीपलीकडच्या लेंटहून मी रोज त्यावरूनच येतो. त्यावरूनही म्हणे वाद झाले असतील. मी कधी विचारलं नाही. पाच वर्षं राहिलं की भारतीय पासपोर्टवरही इथे नगरपालिकेला मत देता येतं. मी दिलं. कोणाला, ते आठवत नाही. आणि तिकडे पुण्यात मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी मात्र मी दर पावसाळ्यात तीन-तीन ठिकाणी वाचतो.

पुण्यात आलो की आई डेक्कनवरून नारायण पेठेत जायलाही रिक्षा करायला लावते. ‘तुला चालायची सवय राहिली नाही.’ मला! वर्षभर सायकल हाणणाऱ्या माणसाला! पण ती म्हणते ते चालण्याबद्दल नसतंच. तिथला रस्ता ओलांडायचं धाडस माझ्यात उरलेलं नाही, हे तिने बरोबर हेरलंय.