साडेसतरा इंची म्हातारपण

न्हाणीघरात बसायचं कशावर, हा प्रश्न आपल्याकडे पाटाने पिढ्यान्‌पिढ्या सोडवून दिलेला होता. मग पाट माळ्यावर गेले, प्लास्टिकची स्टुलं आली, पुढे शॉवर आला आणि माणसं उभ्याने अंघोळ करायला लागली. साठी उलटली की परत बसा म्हणतात. पाटावर मात्र नाही, कारण पाटावर बसणं अजून जमतं, उठण्याचीच पंचाईत.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची बाथरूम फोडायची ठरली ती खरं तर गळतीमुळे. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की ‘जेवण झालं का’ ऐवजी ‘छत बघितलंत का’ असं विचारायला लागल्या होत्या. कोबा काढायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, नव्या फरश्या बसवायच्या, एवढंच काम. पण मुलगा असतो सिएटलला. त्याने व्हिडिओ कॉलवर ते वाक्य उच्चारलं, ज्याच्यामुळे या देशात घरोघरी बजेट दुप्पट होतं : “बाबा, फोडताच आहात तर...”

फोडताच आहात तर शॉवरखाली बसायची पक्की सोय करून घ्या, असं त्याचं म्हणणं. ही सोय कोणासाठी, यावर घरात संपूर्ण एकमत होतं : आपल्यासाठी नाही. मी धरून चाललो की बायकोच्या गुडघ्यासाठी. बायको धरून चालली की माझ्यासाठी, कारण बीपीची गोळी सुरू झाल्यापासून मी सकाळी उठलो की क्षणभर कपाटाचा आधार घेतो. (तो मी चष्मा शोधत असतो.) चारचौघांत आम्ही सांगायचो, ‘आईसाठी करतोय’. आई 84 वर्षांची. ती अजूनही लहान स्टुलावर बसून, नळाला एक हात लावून, ‘नारायण’ म्हणत एका दमात उठते. तिला यातलं काहीच कळवलेलं नव्हतं.

दुकानातल्या मुलाने मला पाहिलं, कॅटलॉगचं शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, “स्वतःसाठीच ना, आजोबा?” त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. बायकोने शांतपणे भिंतीवर दुमडणारी सीट आणि स्टेनलेस स्टीलच्या आधाराच्या दांड्या निवडल्या. सीटवर क्षमता लिहिलेली होती. “अमेरिकेत 250 पौंडांचा जोर सोसलाच पाहिजे असा नियम आहे,” हे आमच्या मुलाने आधीच कळवलं होतं. म्हणजे 113 किलो. बायकोने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि ‘पुरेल’ म्हणाली.

मिस्त्रींना मात्र दुमडणारं काही पसंत नव्हतं. “साहेब, ग्रॅनाइटचा ओटा बांधू की. बॉम्ब पडला तरी हलायचा नाय.” ओटा दिसतो छान, पण आमची बाथरूम चार बाय सात. त्यातला सव्वा फूट ओट्याला दिला तर उरलेल्या जागेत आम्ही आडवेच चालणार. शिवाय डिसेंबरातल्या सकाळी उघड्या अंगाने ग्रॅनाइटवर बसायचं, तर घसरून पडायच्या आधी हाय खाऊनच जायचो. तिसरा पर्याय होता चार रबरी बुटांची खुर्ची. ती मला मनातून आवडली होती, पण खुर्ची सपाट जमिनीवर उभी राहते आणि बाथरूमला ढाळ लागतो. मिस्त्रींनी जाळीकडे इतका उदार ढाळ काढला होता की खुर्ची बसणाऱ्याला घेऊन पाण्याबरोबर निघाली असती.

मग भिंतीचा मुद्दा आला. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने फरशीमागची भिंत वाजवली, कान लावला. “चार इंची हाय. नुसता फास्टनर नाय धरायचा. बोल्ट आरपार घेऊन पलीकडून पट्टी मारावी लागंल. पलीकडं काय हाय?”

पलीकडे देवघर होतं. माझं बूड आणि आमचा बाळकृष्ण एकाच बोल्टवर, हे चित्र बायकोच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं मला दिसलं. सीट डक्टच्या बाजूच्या नऊ इंची भिंतीवर गेली.

उंचीवरून जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. मुलाने पाठवलेल्या नियमावलीत सीट जमिनीपासून 17 ते 19 इंचांवर. जास्त उंच सीटवरून उठायला सोपं, पण तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत, नाहीतर ओल्या अंगाने माणूस पुढे घसरतो. मी पाच फूट दहा, बायको जेमतेम पाच फूट. मिस्त्रींनी विटा रचून वर प्लायवूड ठेवलं आणि आम्ही दोघं पूर्ण कपड्यांत, कोरड्या बाथरूममध्ये, आळीपाळीने बसलो. ती ब्लाउजच्या टेपने माझ्या गुडघ्यामागचं माप घेत होती. 19 ला माझा गुडघा खूश आणि तिचे पाय लोंबकळत. 16 ला ती राणीसारखी, आणि मला उठवायला मिस्त्री. “अहो, तुम्ही काय, कसेही उठाल,” ती म्हणाली. म्हणजे दोघांपैकी कोणाचं म्हातारपण धरून चालायचं, हा सवाल एका विटेवर अडला होता. शेवटी मिस्त्रींनीच कंटाळून पेन्सिलीने साडेसतरावर रेघ मारली.

इतक्यात आई डोकावली. तिने रिकाम्या फ्रेमकडे पाहिलं आणि एकच प्रश्न केला : “आणि बादली?”

दोन खंडांतल्या चार माणसांपैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं. माणूस साडेसतरा इंच वर बसवला, बादली खाली जमिनीवरच. प्रत्येक तांब्याला कमरेतून वाकायचं, तेही साबण लावलेल्या अंगाने. म्हणजे पडू नये म्हणून बसवलेली सीटच पुढे तोंडावर पाडणार. घाईघाईने हॅन्ड शॉवर आणि सरकती दांडी यादीत घातली, त्याच्यासाठी नळाचं काम पुन्हा उघडलं. काकू जिन्यात भेटल्या, त्यांना मी हे सांगितलं नाही.

आता सगळं झालंय. फरश्या खरखरीत आहेत, दार बाहेर उघडतं, कडी बाहेरूनही नाण्याने फिरवता येते. आधाराच्या दांडीवर आईने पहिल्याच दिवशी साडी वाळत घातली. हॅन्ड शॉवरने बायको खिडकीची जाळी धुते. मी तांब्याचा माणूस, शॉवरने अंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही. म्हणून मी सीट उघडतो, तिच्यावर भरलेली बादली ठेवतो आणि ताठ उभा राहून अंघोळ करतो. बादली वीस लिटरची. सीटला काही फरक पडत नाही.

परवा मुलाने विचारलं, “बाबा, सीट वापरता ना?”

“रोज,” मी म्हणालो. “कमरेला फार आराम पडतो.”