कमल ऊर्फ सुनीती, हजर!

लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची चाल ज्याने पाडली, त्याची गाठ कधी नोटरीशी पडली नसावी. माझी आत्या इंदूरच्या रामबागेत कमल म्हणून वाढली आणि बोहल्यावरून उतरली ती सुनीती होऊन. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव कोरलं, पंगती उठल्या, विषय संपला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलाकडे राहते, आणि इकडे आमच्या आजीच्या मृत्युपत्रात लिहिलंय की घराचा तिसरा हिस्सा ‘चि. कमल हिला’. चि. कमल नावाच्या बाईचा आज जगात एकही कागद नाही. पासपोर्ट, लायसन्स, बँक, सगळीकडे सुनीती.

घराला गिऱ्हाईक आलं तेव्हा हे लक्षात आलं. गिऱ्हाईकाच्या वकिलाच्या लक्षात आलं, आमच्या नव्हे. आम्हाला ती कमळाआत्या आहे हे माहीतच होतं.

आत्याला सहीपुरतं इंदूरला आणायचं तर आधी तिच्या गुडघ्यांची परवानगी लागते. ती मिळेना. मग ठरलं की तिने मला मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, द्यावं. आपल्या 1908 च्या नोंदणी कायद्यात यासाठी चांगली सोय आहे: मुखत्याराने खरेदीखत नोंदवायला न्यायचं, तर भारतात राहणाऱ्याला मुखत्यारपत्र रजिस्ट्रारपुढे करून द्यावं लागतं, पण परदेशात राहणाऱ्याने तिथल्या नोटरीपुढे केलेलं चालतं. सोबत दोन शपथपत्रं हवीत असं वकील म्हणाले. एक आत्याचं, की कमल ती मीच. दुसरं इथल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं, की कमल ती हीच. वडीलधारे म्हणजे आमचे काका, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, वय 86, मुक्काम दुसरा मजला, लिफ्ट नाही.

म्हणजे नोटरी दोन आणि दोन्ही घरी बोलवायचे.

अमेरिकेत मोबाइल नोटरी हा रीतसर धंदा आहे. फोन केला की शिक्का, शाई आणि वही घेऊन माणूस दारात येतो. कॅलिफोर्नियात एका सहीचे जास्तीत जास्त 15 डॉलर असा सरकारी दर आहे. येण्याजाण्याचे पैसे वेगळे आणि ते आधी ठरवून घ्यायचे. आतेभावाने हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “म्हणजे शिक्क्याला भाव आहे, पेट्रोलला नाही. नीट विचारून घे.” गणिताच्या माणसाचा सल्ला म्हणून आतेभावाने खरंच विचारून घेतलं, आणि येण्याचा आकडा दोन्ही सह्यांच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला.

मग त्या नोटरीबाईंनी फोनवर तयारी सांगितली. ओळखपत्र मुदतीतलं हवं, आणि कागदावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. कागदात एकही रिकामी जागा नको. साक्षीदार लागणार असतील तर ते तुम्हीच बोलवा. आणि शपथपत्रावर मी येईपर्यंत सही करू नका. आतेभावाने हे सगळं आत्याला नीट समजावलं. आत्याने मान डोलावली, रात्री सगळे झोपल्यावर चष्मा लावला आणि प्रत्येक पानावर सुवाच्य अक्षरात सही करून ठेवली. पाहुणी बाई येणार, तिला ताटकळत ठेवायचं नाही, हे आमच्या आजीचं वळण.

त्यांचे शुक्रवारचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे शनिवारचे सकाळचे साडेसात. इथे पोह्यांना वाफ येत होती आणि मी टेबलावर फोन उभा करून सातासमुद्रापलीकडचा सोहळा पाहत होतो. चाकांची बॅग घेऊन एक मध्यमवयीन बाई आल्या. चहा नको म्हणाल्या. आत्याला ते पहिल्यापासूनच खटकलं.

बाईंनी शपथपत्र उचललं, सही पाहिली आणि खाली ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की मुखत्यारपत्रावर आधी केलेली सही चालते. ती आपलीच आहे असं आत्याने त्यांच्यासमोर कबूल केलं की झालं. शपथपत्राचं तसं नाही. आधी शपथ, मग त्यांच्या डोळ्यांदेखत सही. नवीन प्रत काढायला आतेभाऊ प्रिंटरकडे धावला आणि प्रिंटरने शाई संपल्याचं जाहीर केलं. साक्षीला बोलावलेले शेजारचे गुजराती गृहस्थ घरी जाऊन प्रत काढून आले. परदेशात मराठी माणसाचं अडलेलं काम गुजराती शेजाऱ्याकडे होतं, हे इतिहासाला धरून आहे.

शपथेची वेळ आली. “हे सगळं खरं आहे अशी शपथ घेता का?” बाईंनी इंग्रजीत विचारलं. मी फोनमधून ओरडलो, “आत्या, यस म्हण!” बाईंनी स्क्रीनकडे असं काही पाहिलं की मी इंदुरात बसून चमचा खाली ठेवला. तिथे नोटरीने सही करणाऱ्याशी थेट बोलायचं असतं, मधे दुभाष्या चालत नाही, आणि पढवणारा भाचा तर नाहीच. त्यांना पाहायचं असतं की या म्हातारीला काय चाललंय ते कळतंय का आणि कोणी हात पिरगाळून तर सही घेत नाहीये ना. मी, ज्याला घराचे सगळे अधिकार मिळणार होते तो, दहा हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून ‘यस म्हण’ ओरडत होतो. बाईंच्या जागी मी असतो तर पोलिसच बोलावले असते.

आत्या मात्र खणखणीत म्हणाली, “यस, आय डू. देवाशप्पथ.”

खरी ठिणगी पडली ती अंगठ्यावर. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्र किंवा घरजमिनीचा कागद असला की सही करणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा नोटरीच्या वहीत घ्यावा लागतो. बाईंनी वही उघडली आणि शाईची छोटी डबी पुढे सरकवली. आत्या ताठ झाली. “मी एम. ए. आहे. माझी आईसुद्धा सही करायची. मी काय अंगठाबहाद्दर आहे?” आतेभावाने कायदा सांगितला. मी सांगितला नाही, मी गप्प होतो. शेवटी तिने अंगठा असा टेकवला, जसा काही डाग पडला तर तो बाईंच्या सात पिढ्यांना लागेल. ठसा अर्धवट उमटला. पुन्हा घ्यावा लागला.

मुखत्यारपत्रावर आपल्या पद्धतीने आत्याचा फोटो चिकटवला होता. अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर असा मारा, असं आमच्या वकिलांनी बजावलं होतं. बाईंनी नकार दिला: शिक्का स्वच्छ वाचता आला पाहिजे, कशावरही चढता कामा नये. मग त्यांनी त्यांचं प्रमाणपत्र जोडलं. त्यावर चौकटीत छापलेलं असतं की नोटरीने फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवली आहे. कागदातला मजकूर खरा की खोटा, याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणजे इतकं सगळं करून सिद्ध झालं काय, तर सुनीती ही सुनीती आहे. कमलबद्दल कॅलिफोर्निया राज्याला काही म्हणायचं नाही.

पुढचं सरळ होतं. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो, तिथून अपोस्टिल, म्हणजे नोटरीचा सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला, मग कुरियर, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. कुरियरवाल्याने पाकीट चुकून खालच्या मजल्यावर दिलं एवढंच.

आता कमलचा सगळा भार काकांवर. जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या नोटरींना मी आजवर पाहिलंय ते कागदातलं एक अक्षर न वाचता, पुढच्या माणसाकडे मान वर करून न बघता धडाधड शिक्के मारताना. तिकडे माणूस तपासतात, कागद बघत नाहीत. आपल्याकडे स्टॅम्प बरोबर किमतीचा आहे ना, पानं पुरी आहेत ना, हे बघतात. माणूस सोबत आणलात तर तुमची हौस. पण घरी येणारे नोटरीही असतात, आणि प्रवासखर्च घेण्याची सोय आपल्या नोटरी नियमांतही आहे. एक वकीलसाहेब तयार झाले. रविवारी सकाळी ॲक्टिव्हावरून आले, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. तिच्यातून गोल शिक्का, पॅड, नोटरीची तिकिटं आणि लाल चकत्या निघाल्या. पॅड वाळलं होतं. त्यांनी शिक्का तोंडाजवळ नेऊन ‘हाः’ केलं आणि म्हणाले, “बाबूजी, यहाँ साइन कर दीजिए, दो मिनट का काम है.”

काकांनी कॅलिफोर्नियाची सगळी हकीकत ऐकली होती. ते म्हणाले, “पहिल्यांदा वाचतो.”

पहिल्याच ओळीत अडले. ‘उम्र लगभग 86 वर्ष.’ लगभग का? जन्मतारीख आहे, आजची तारीख आहे, वजाबाकी करा. वकीलसाहेब म्हणाले, ऐसाच लिहितात. काका म्हणाले, शपथेवर ‘लगभग’ चालत नाही. पुढे ‘व्यवसाय – कुछ नहीं’ होतं. त्यावर हिने पोह्यांच्या बशा आणल्या, वर रतलामी शेव, शेजारी जिलबी. वकीलसाहेबांनी शिक्का बाजूला ठेवला आणि जरा सैलावून बसले. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती.

“आता सांगा,” काकांनी विचारलं, “तुम्ही नोटरी आहात हे मी कशावरून मानू?”

वकीलसाहेबांचा घास थांबला. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. ते म्हणाले, दस साल वकालत के बाद बने हैं. काका म्हणाले, नोटरीचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, मुदत पाहू दे. ते बिचारे खरंच सज्जन. सर्टिफिकेटची प्रत गाडीच्या डिकीत आहे म्हणाले, बशी ठेवली आणि दोन मजले उतरायला लागले.

ते वर येईपर्यंत काकांनी लाल पेन काढून दुसऱ्या पानावरचं हिंदी तपासून टाकलं होतं. ‘शपथपूर्वक’मधला ऊकार दुरुस्त, दोन वाक्यं खोडलेली, समासात ‘पुनरुक्ती’ असा शेरा. आणि रविवारी ई-स्टॅम्प काढून देणाऱ्याचं दुकान बंद असतं.