एंडोस्कोपीत ‘नुसतं बघतात’ हे खरं नाही

“पोटाची सोनोग्राफी केली की सगळं कळतं. एंडोस्कोपीत नुसतं बघतात, वर आतडं फाटतं आणि तुकडा काढला तर कॅन्सर पसरतो.” हा मजकूर फार जण पुढे पाठवताहेत. यातलं एकेक विधान पाहू. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून किंवा गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी, म्हणजे दुर्बीण, आत घालून केलेली तपासणी.

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय छान दिसतं. जठरात, आतड्यांत मात्र हवा असते आणि ध्वनिलहरी तिथे अडतात. अन्ननलिकेची सूज, जठरातला अल्सर, मोठ्या आतड्यातला बारीक पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) हे सगळं आतल्या अस्तरावर असतं. तिथे कॅमेराच न्यावा लागतो.

‘नुसतं बघतात’ हे तर सर्वांत घातक. दुर्बिणीच्या नळीतून चिमटा, सुई, क्लिप, तारेचा फास आत जातो. रक्ताच्या उलट्या होत असतील तर वाहणाऱ्या अल्सरला तिथल्या तिथे क्लिप लावतात. सिरोसिसमध्ये (यकृत निबर होण्याच्या आजारात) अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड बांधतात. पित्तनलिकेत अडकलेला खडा पोट न कापता निघतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा १० वर्षं किंवा जास्त लागतात. तो आधीच फासाने काढला की पुढचा कॅन्सरच टळतो. याला नुसतं बघणं कसं म्हणायचं?

तपासायला काढलेला अस्तराचा तुकडा असतो काही मिलिमीटरचा. त्याने पचनमार्गातला कॅन्सर पसरतो याला आधार नाही, आणि त्याच्याशिवाय कॅन्सरचं निदान पक्कं होत नाही. अल्सर म्हणजे ताणतणाव आणि तिखट, असंच पूर्वी मानत. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली अशाच तुकड्यांतून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवला. त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आज या जंतूमुळे झालेला अल्सर अँटिबायोटिकच्या कोर्सने बरा होतो.

आतडं फाटण्याचा धोका खोटा नाही, तो लपवूही नये. निदानासाठीच्या कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या एंडोस्कोपीत) तो साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी. उपचार करताना वाढतो. पित्तनलिकेच्या ईआरसीपीनंतर (दुर्बिणीतून खडा काढतात त्या प्रक्रियेनंतर) शेकडा ३ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून ती उगाच करत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

प्रत्येक ॲसिडिटीला एंडोस्कोपी लागत नाही. तरुण माणसाला बऱ्याचदा श्वासाची किंवा शौचाची जंतुतपासणी पुरते. पण घास अडकत असेल, शौचाला काळी होत असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा हिमोग्लोबिन का उतरलं ते कळत नसेल, तर तपासणी पुढे ढकलू नका.