‘थांबा’ म्हणणारे आठ जण

काल कट्ट्यावर वकिलाने वादाला तोंड फोडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र त्याने नुकतंच वाचलं होतं. म्हणाला, “पत्र थोरच आहे. पण मला त्या आठ जणांचंही पटतं.”

ते आठ जण अलाबामा राज्यातले, म्हणजे बर्मिंगहॅम ज्यात येतं तिथलेच, गोरे धर्मगुरू. बिशप, पाद्री, एक ज्यू रब्बाय. १२ एप्रिल १९६३ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, वंशभेदाविरुद्धच्या निदर्शनांत किंगना अटक झाली. त्याच तारखेच्या निवेदनात या आठांनी म्हटलं की निदर्शनं अविचारी आहेत, अवेळी आहेत. कोर्टात जा, बोलणी करा. किंगचं पत्र म्हणजे याच निवेदनाला उत्तर.

“त्यांचं काय चुकलं?” वकील म्हणाला. “दहाच दिवस आधी बुल कॉनर, तिथल्या पोलिसांचा वंशभेदी कारभारी, महापौरपदाची निवडणूक हरला होता. नव्या माणसाला वेळ तर द्यायचा! अहिंसा म्हणजे सबुरीच ना?”

पक्या उसळलाच. “मिठाचा सत्याग्रह सबुरीचा होता का रे? आणि वेळ कोणाकडे मागतोस? शटल्सवर्थ त्या गावात कृष्णवर्णीय पाद्री होते. १९५६ च्या नाताळात त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला. त्यांच्या संघटनेनेच किंगना बोलावलं होतं. आणि तुझा तो नवा महापौर बाउटवेल, तो वागायला सौम्य, पण वंशभेद त्यालाही हवाच होता. किंगनी पत्रातच लिहिलंय.”

मास्तर इतका वेळ ऐकत होते. “हे नुसतं गोरे-काळे नाही रे,” ते म्हणाले. “जोसेफ जॅक्सन स्वतः कृष्णवर्णीय, नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या कृष्णवर्णीय चर्चच्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांनाही रस्त्यावरचा कायदेभंग मंजूर नव्हता. १९६१ मध्ये संघटना फुटली, किंग दुसऱ्या गटात गेले. पुढे शिकागोतल्या रस्त्याला किंगचं नाव दिलं, तेव्हा जॅक्सननी आपल्या चर्चचा पत्ता बाजूच्या रस्त्यावरचा करून घेतला. आणि दुसऱ्या टोकाला माल्कम एक्स, किंगच्या अहिंसेवर टीका करणारे जहाल कृष्णवर्णीय नेते. २ मेपासून बर्मिंगहॅममध्ये शाळकरी पोरं मोर्चात उतरली, त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. माल्कम म्हणाले, मर्द माणूस लेकरांना पुढे करत नाही.”

यावर कोणीच पटकन बोललं नाही. पोरांचा मुद्दा मलाही अजून सुटलेला नाही.

पण त्या आठांबद्दल मला बोलायचंच होतं. ही माणसं दुष्ट नव्हती. अलाबामाचा गव्हर्नर वॉलेस याने जानेवारीत ‘वंशभेद कायमचा’ अशी गर्जना केली, तेव्हा कोर्टाचे आदेश पाळा असं जाहीरपणे सांगणारे हेच होते. त्यांच्यातल्या स्टॉलिंग्जनी आपल्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रार्थनेला बसू दिलं. किंगनी त्याच पत्रात त्यांचं नाव घेऊन कौतुक केलंय. म्हणूनच तर ते पत्र इतकं झोंबतं. कु क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेषी टोळीवाल्यांपेक्षाही, न्यायाआधी शांतता मागणाऱ्या मवाळ गोऱ्यांनी आपल्याला जास्त निराश केलं, असं किंग लिहितात. शत्रूला असं पत्र लिहितच नाहीत. आपले म्हणावेत अशांनाच लिहितात.

“त्यांच्यापैकी कोणी बदललं का?” वकिलाने विचारलं.

“ड्युरिक,” मास्तर म्हणाले. “कॅथलिक बिशप. पुढे टेनेसीत गेले आणि तिथे वंशभेदाविरुद्ध उघड उभे राहिले.”

“म्हणजे पत्र पोचलं.”

“पोचलं असेल,” पक्या म्हणाला. “पण त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला. रविवार होता. चार मुली गेल्या.”