‘पेमेंट लिंक पाठवू नका’ हा सल्ला छोट्या धंद्याच्या मुळावर येणारा आहे

छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. बिलासोबत पेमेंट लिंक, म्हणजे ग्राहकाने दाबून ऑनलाइन पैसे भरायची लिंक, पाठवू नका, कारण दोन हजारांच्या वर 1.1 टक्के कापले जातात, जीएसटीची नोटीस येते, लिंकमधून फसवणूक होते आणि पैसे मधल्या कंपनीकडे अडकतात. सरळ रोख घ्या, असं त्यात म्हटलंय. छपाईवाले, केटरर, क्लासवाले यांनी तो खरा मानून लिंक बंद केल्या, तर नुकसान त्यांचंच आहे.

आधी 1.1 टक्क्यांचं. हा आकडा 2023 सालचा आहे. वॉलेटमधल्या, म्हणजे अ‍ॅपवर आधीच भरून ठेवलेल्या, पैशांतून यूपीआयने दुकानदाराला 2000 रुपयांपेक्षा जास्त दिले, तर बँका आणि वॉलेट कंपन्या यांच्यात आपसात लागणारं ते शुल्क. बँक खात्यातून बँक खात्यात होणाऱ्या यूपीआयला ते लागू नाही, हे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. दोन हजारांवरच्या यूपीआयवर जीएसटी येणार ही बातमीही अर्थ मंत्रालयाने एप्रिल 2025 मध्ये खोटी ठरवली.

खर्च मात्र आहे, आणि तो या मेसेजमध्ये नाहीच. गेटवे कंपनीची, म्हणजे ग्राहकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या मधल्या कंपनीची, लिंक वापरली तर साधारण दोन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी जातो. म्हणजे 10,000 रुपयांच्या बिलामागे 236 रुपये. ग्राहक कार्डाने किंवा नेटबँकिंगने देणारा असेल, बिलं भरपूर असतील, कोणत्या बिलाचे पैसे आले हे आपोआप जुळायला हवं असेल, तर हा खर्च परवडतो. महिन्याला आठ-दहा बिलं असतील तर रक्कम भरलेला यूपीआय क्यूआर बिलासोबत पाठवा. त्यावर शुल्क नाही.

आता नोटीस. ही भीती हवेतून आलेली नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत ‘फक्त रोख’ असे फलक लागले. पण जीएसटी नोंदणीची मर्यादा, म्हणजे मालासाठी 40 लाख आणि सेवेसाठी 20 लाख, एकूण उलाढालीवर मोजतात. त्यात रोखही धरतात. रोख घेतल्याने कर टळत नाही, फक्त हिशेब दाखवायला कागद उरत नाही. उलट अंदाजित नफ्याच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचे ठरावीक टक्के हाच नफा धरून, आयकर भरणाऱ्या धंद्याला रोख जमेवर किमान 8 टक्के नफा दाखवावा लागतो, बँकेतून आलेल्या जमेवर 6 टक्के. 30 लाखांच्या उलाढालीवर करपात्र नफ्यातला हा फरक 60,000 रुपयांचा होतो. रोखीचा आग्रह धरणाऱ्या मेसेजमध्ये याचा उल्लेखही नसावा, याचा मला राग येतो.

नोटीस आली की खरी दमछाक होते ती धंद्याचे पैसे, भिशी आणि बहिणीने पाठवलेली रक्कम एकाच बचत खात्यात आल्यामुळे. धंद्याला वेगळं खातं उघडा आणि लिंक त्याच खात्याला जोडा.

फसवणुकीबाबत एवढंच पक्कं ध्यानात ठेवा की पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा चोर असतो, आणि तो तुम्ही लिंक पाठवणं बंद केल्याने थांबत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका. गेटवेच्या नोंदीत किंवा बँक खात्यात जमा दिसली की मगच सोडा.

राहिलं पैसे अडकण्याचं. गेटवेकडून रक्कम खात्यात यायला सहसा एक-दोन कामाचे दिवस लागतात. मधल्या काळात ती बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात, ठेवण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांवर घातलं आहे. अडकते ती बहुतेकदा केवायसी अपुरं असल्यामुळे. खात्यावरचं नाव एक, पॅनवरचं दुसरं, दुकानाचं तिसरं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. मग ओळखीच्या माणसाला छोट्या रकमेची लिंक पाठवा, पैसे खात्यात उतरलेले बघा आणि त्यानंतरच मोठं बिल लिंकवर टाका.